पानगळ सुरू झाली: सगळं झाडायचं, की काही राहू द्यायचं?

परसातला
नमस्कार मंडळी. आमच्या मागच्या बागेत एक मोठा जंगली बदाम आहे आणि कुंपणालगत पिंपळ. दोघांचीही पानगळ मागोमाग सुरू झाली आहे. सकाळी सगळं लख्ख झाडून काढावं, तर दुपारचा वारा सुटला की पुन्हा जैसे थे. बदामाचं पान तळहातापेक्षा मोठं, जाड आणि चिवट. पिंपळाची पानं कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन साठतात.

झाडांखाली काय काय आहे तेही सांगतो: मधे हिरवळ, कडेने फुलझाडांचे वाफे, मागच्या दारापर्यंत फरशीची वाट आणि एक छोटं कमळाचं टाकं, त्यात मासे आहेत. आईचं म्हणणं, बाग स्वच्छ दिसलीच पाहिजे. शेजारच्या काकांचा सल्ला, एका कोपऱ्यात ढीग करा आणि काडी लावा. जाळायचं नाही हे मात्र मी पक्कं ठरवलं आहे.

मागच्या पानगळीत तारेच्या जाळीचा पिंजरा करून त्यात पानं भरली होती, खत होईल म्हणून. ती अजून तशीच आहेत. वरची काळपट झाली आहेत, पण आत हात घातला तर कोरडी खडखडीत लागतात. ती कुजत का नाहीत? आणि यंदाची पानं थेट वाफ्यात टाकली तर झाडांना काही अपाय होईल का?

मातीवाली
तुमच्या बागेत चार वेगवेगळ्या जागा आहेत, त्या सगळ्यांना एकच नियम लावू नका. पान कुठे पडलंय त्यावरून ठरवा.

वाट, पायऱ्या, गटाराची जाळी आणि छपराची पन्हळ इथली पानं रोज उचला, त्यात चालढकल नको. ओलं पान फरशीवर निसरडं होतं. शिवाय बदामाच्या पानात टॅनिन (रंग सोडणारं तुरट द्रव्य) भरपूर असतं, त्यामुळे ते ओलं होऊन पडून राहिलं की फरशीवर बरोबर पानाच्या आकाराचा तपकिरी डाग उमटतो आणि तो घासूनही लवकर निघत नाही. टाक्यातलीही रोजच काढा. बुडालेली पानं कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरला जातो आणि त्याचा पहिला फटका माशांना बसतो. पानगळीपुरती टाक्यावर बारीक जाळी ताणून ठेवा, मधे झोळ पडणार नाही इतकी घट्ट. झोळ पडला की पानं तिथेच साचून पाण्याला टेकतात.

वाफ्यातली पानं मात्र उचलू नका. हे मी अगदी आग्रहाने सांगते. झाड पान गाळतं ते आधी त्याची आवराआवर करून. पानातलं हरितद्रव्य मोडलं जातं, साधारण निम्मं नत्र झाड परत फांदीत ओढून घेतं आणि मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होऊन पान सुटतं. बदामाचं एखादं ताजं गळलेलं पान उचलून देठाचं टोक बघा. ते स्वच्छ असतं, ओरबाडून काढल्यासारखं फाटलेलं नसतं. पानात उरलेलं नत्र, कॅल्शियम आणि ढीगभर कर्ब (कार्बन) तुमच्याच जमिनीवर येऊन पडतो. तो पोत्यात भरून बाहेर टाकायचा आणि मग खताची गोणी विकत आणायची, हे मला खरंच बघवत नाही.

वाफ्यात ५ ते ८ सेंटीमीटर जाडीचं आच्छादन पुरे. मातीतली ओल टिकते, तण कमी उगवतं आणि खालून गांडुळं कामाला लागतात. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर बुंध्याची साल सतत ओली राहून कुजू लागते. बदामाची अख्खी पानं नकोत. ती एकावर एक चिकटून बसतात आणि पाणी खाली उतरू देत नाहीत. वाळली की पायाखाली तुडवून त्यांचा चुरा करा, मग पसरा. आणि हा चुरा मातीत मिसळू नका, वरच राहू द्या. सुका पाला मातीत कालवला की तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात आणि काही काळ झाडं पिवळी दिसतात. वर पसरलेल्या पाल्याने तसा त्रास जवळजवळ होत नाही.

गुलाब असेल तर एवढा अपवाद करा: काळे ठिपके पडून गळलेली त्याची पानं त्याच्याखाली ठेवू नका. ती बुरशी गळलेल्या पानावर तग धरून राहते आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर नव्या पानांवर चढते.

आता पिंजऱ्याबद्दल. तुमच्याच वर्णनात उत्तर आहे: आत कोरडं खडखडीत. ओल नाही तिथे कुजणं नाही. अशा पानांवर मेणासारखा थर असतो, त्यात ती पानं एकावर एक बसलेली. वरून पाइप धरला की ढीग भिजल्यासारखा दिसतो, पण पाणी बाजूबाजूने निघून जातं आणि गाभा तसाच राहतो. दुसरी अडचण नत्राची. सुक्या पानांत कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण ४० ते ८० ला १ असतं, जिवाणूंना झपाट्याने काम करायला ३० ला १ च्या आसपास लागतं. म्हणून सुक्या पाल्यात काहीतरी हिरवं किंवा ओलं घालावं लागतं: कापलेलं गवत, भाज्यांची सालं, शेण. ढीग निदान मीटरभर लांब, रुंद आणि उंच हवा, त्याहून लहान असला तर आतली ऊब टिकत नाही.

इतका खटाटोप करायचा नसेल तर नुसती पानं भिजवून झाकून ठेवा. मग काम बुरशी करते. ढीग तापत नाही, वास येत नाही, वरखाली करण्याचीही फारशी गरज नाही. फक्त वर्ष-दोन वर्षं लागतात. मला स्वतःला हीच रीत जास्त आवडते, कारण असं पानांचं खत हलकं, भुसभुशीत होतं आणि पाणी छान धरून ठेवतं.

हिरवळवेडा
हिरवळीचं मी सांगतो. तिथे पानं साचू देऊ नका. खाली उजेड पोचला नाही की गवत पिवळं पडतं, ओल कोंडली की बुरशी येते. पण हिरवळीवर खराटा चालवू नका, गवताचे कोंब ओरबाडले जातात. पसरट बोटांचा हलका पंजा वापरा. दव वाळल्यावर हात लावा, ओलं पान गवताला चिकटून बसतं. वारा असेल तर त्याच्याच दिशेने ओढा आणि पुढे एक जुनी ताडपत्री अंथरून ठेवा. सगळं तिच्यावर ओढायचं, चार कोपरे धरायचे आणि थेट ढिगापाशी न्यायचं. घमेल्याने चार खेपा घालण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

गवत कापायचं यंत्र असेल तर त्याहून बरं. पातं थोडं उंच ठेवून वाळलेल्या पानांवरून फिरवा. पिशवी लावली तर चुरलेली पानं आणि कापलेलं गवत दोन्ही आयतं एकत्र मिळतं. मातीवाली ताई म्हणतात ते सुकं-हिरवं मिश्रण हेच. पानं थोडीच असतील तर चुरा तिथेच राहू दिला तरी चालतो. यंत्र फिरवल्यावर वरून गवताची पाती स्पष्ट दिसली पाहिजेत, ती झाकली गेली असतील तर चुरा उचला.

सावध
पाला राहू द्यायला माझी हरकत नाही, पण घरात लहान मुलं असतील तर जरा जपून. भिंतीला टेकून ढीग करू नका. वाळवी, विंचू, क्वचित साप, सगळ्यांना अशी जागा आवडते. आमच्याकडे भिंतीलगत हातभर पट्टा कायम मोकळा असतो. ढिगात हात घालण्यापूर्वी पंजाने उलथून बघावं, हातमोजे आणि बंद बूट घालावेत. दिवेलागणीनंतर तर पाल्यात हात घालूच नये. कोरडा ढीग पेटायलाही वेळ लागत नाही, तेव्हा लाकडी फाटक किंवा लाकूडफाटा त्याच्याजवळ नको.

मातीवाली
सावध यांचं म्हणणं पूर्ण पटलं. ढीग घरापासून लांब आणि सावलीत असावा, उन्हात तो लवकर सुकतो. मात्र सगळा पाला धोक्याचा असं धरून बाग खरवडू नका. काजव्यांच्या अळ्या पाल्याखालच्या ओलीत वाढतात, कित्येक पतंगांचे कोश तिथेच असतात. येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर एखादा कोपरा तरी वर्षभर न हलवता ठेवा.

शेजारच्या काकांना सांगायला म्हणून: पानांची आग धड पेटत नाही, धुमसते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण असतात, जे थेट फुप्फुसात खोलवर जातात. दम्याच्या माणसाला तो धूर फार त्रास देतो. आणि पानातला कर्ब, नत्र सगळं हवेत जातं, हाती उरते चिमूटभर राख.

परसातला
सगळ्यांचे मनापासून आभार. कालच पिंजरा सोडवला. वरची पानं अगदी कोरी, देठासकट शाबूत. मधल्या थरात बदामाची पानं एकमेकांना इतकी घट्ट चिकटलेली की सोलून काढावी लागली. पण जमिनीला टेकलेला वीतभर थर पाहून थक्क झालो. काळा, ओलसर, हातात घेतला की भुगा होणारा, पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास. त्यात पिंपळाच्या पानांचा गर गेलेला आणि शिरांची नाजूक जाळी तेवढी राहिलेली. गांडुळंही होती. मात्र बऱ्याच पानांवर पांढरे धागे पसरले आहेत, कापसाचे तंतू ओढल्यासारखे. ही कीड आहे का? हा थर फेकून द्यायचा का?

आईशी बोलणं झालं. वाट, हिरवळ आणि टाकं रोज स्वच्छ, आणि वाफ्यांना विटांची कड लावायची, म्हणजे आतला पाला मुद्दाम ठेवलेला दिसेल. याला ती राजी आहे.

मातीवाली
फेकू नका हो! ते धागे म्हणजेच बुरशी, आणि तुम्हाला तीच हवी आहे. जाड पानातलं लिग्निन, म्हणजे पानाला ताठपणा देणारा चिवट भाग, मोडणं जिवाणूंना फारसं जमत नाही, ते काम प्रामुख्याने बुरशीचं. खालच्या थराला जमिनीची ओल मिळत राहिली म्हणून तिथे ती पसरली, वर पोचलीच नाही.

आता असं करा. सगळी कोरी पानं बाहेर काढा आणि तुडवून जमतील तितकी बारीक करा. पिंजऱ्यात वीतभर थर टाका, त्यावर पाणी शिंपडा, हाताने खालीवर करून पुन्हा शिंपडा, मगच पुढचा थर. मूठभर पाला घट्ट पिळल्यावर एखाददुसरा थेंब यावा, धार लागली तर पाणी जास्त झालं. प्रत्येक थरावर त्या काळ्या भुग्यातला थोडा विरजणासारखा टाका, म्हणजे बुरशी आणि गांडुळं सगळीकडे पोचतील. वरून जुनं पोतं झाका. अधूनमधून कोपरापर्यंत हात घालून ओल तपासत राहा (हातमोजा घालून, सावध यांनी सांगितलंय तसं), कोरडं लागलं तर तिथेच पाणी द्या. वरचं पान ओलं आहे की नाही यावर जाऊ नका.

उरलेला काळा थर चाळून घ्या. खाली पडेल तो भुगा कुंड्यांच्या मातीत मिसळायला किंवा बी रुजवायला उत्तम. त्यात अन्नद्रव्यं फार नसतात, त्यामुळे मोठ्या झाडांना खत म्हणून एवढ्यावर विसंबू नका. पण माती सैल ठेवायला आणि पाणी धरायला याच्यासारखं दुसरं नाही. चाळणीवर उरलेले देठ आणि जाड शिरा परत पिंजऱ्यात टाका, त्यांना अजून वेळ लागेल.