दृष्टिबाधित मुलासाठी स्पर्शपुस्तक करताना चित्रांच्या रेषा उठावाच्या केल्या तर पुरते का?

सुईदोरा (प्रश्न):
माझा भाचा जन्मापासून दृष्टिबाधित असून आता चार वर्षांचा होईल. उजेड आणि अंधार त्याला कळतो, पुस्तकातले चित्र मात्र दिसत नाही. गोष्टी ऐकण्याची त्याला अतोनात हौस आहे, म्हणून पावसात भिजलेल्या एका मुलाची गोष्ट रचून त्याच्यासाठी स्पर्शाने पाहता येईल असे पुस्तक करायचे मी ठरवले आहे. शिवणकाम मला बऱ्यापैकी येते. नेहमीच्या चित्रपुस्तकात असतात तशी चित्रे पुठ्ठ्यावर काढावीत आणि त्यांच्या रेषांवर जाड दोरा चिकटवावा, म्हणजे घर, झाड, छत्री धरलेला मुलगा, रस्त्यावरची मोटार हे सारे बोटांना लागेल, अशी माझी कल्पना आहे. एवढे पुरेसे होईल का? बांधणीत काय टाळावे? आणि त्याला अजून ब्रेल येत नसताना मजकूर ब्रेलमध्ये देण्यात काही अर्थ आहे का?

विशेष शिक्षिका:
दोऱ्याच्या रेषांची कल्पना सोडून द्यावी, असे मी सुचवेन. डोळा आधी सबंध चित्र एका नजरेत घेतो आणि मग तपशिलाकडे वळतो. हाताचे नेमके उलटे चालते. बोट तुकड्यातुकड्याने पुढे सरकते आणि त्या तुकड्यांतून अखंड वस्तू मनात जुळवावी लागते. शिवाय लांबचे लहान दिसणे किंवा एका वस्तूमागे दुसरी अर्धी झाकली जाणे हे नियम केवळ नजरेचे आहेत. ज्याने मोटार कधी पाहिली नाही, त्याला तिची बाजूने काढलेली आकृती म्हणजे दोन वर्तुळे आणि त्यांच्यावर एक वेडीवाकडी रेघ, एवढेच लागणार.

त्याच्या अनुभवातली मोटार कोणती, याचा आधी विचार करावा. दाराची मूठ, मांडीखालच्या सीटचे कापड, छातीवरून ओढून घेतलेला पट्टा आणि त्याचे बक्कल. पानावर तसलाच जाड पट्टा आणि लागते-सुटते बक्कल लावले, तर तो ती मोटार सहज ओळखेल. छत्रीसाठी जुन्या छत्रीचे कापड दोन काड्यांवर ताणून बसवावे. त्यावर बोटे आपटली की पावसाचा आवाजही त्याला स्वतःच काढता येईल, जो तिरप्या रेघांच्या पावसातून कधीच मिळाला नसता. खेळण्यातल्या छोट्या प्रतिकृती चिकटवण्याचा मोहही आवरावा, कारण बोटभर प्लॅस्टिकच्या झाडाचे खऱ्या झाडाशी असलेले साम्य फक्त डोळ्यालाच जाणवते.

गोष्टीतल्या मुलासाठी एकच पोत ठरवावा. पहिल्या पानावर तो कॉर्डरॉयचा असेल तर शेवटपर्यंत कॉर्डरॉयचाच राहिला पाहिजे, नाहीतर प्रत्येक पानावर नवे पात्र आले असे ऐकणाऱ्याला वाटते. एका पानावर एक किंवा फार तर दोन गोष्टी पुरतात.

बांधणीवाला:
मी बांधणीपुरते लिहितो. पान दोन्ही हातांच्या आवाक्यात मावणारे असावे आणि पुस्तक कड्यांनी बांधावे, म्हणजे ते पूर्ण सपाट उघडते आणि धरून ठेवण्यात एक हात अडकत नाही. प्रत्येक पानाचा उजवीकडचा वरचा कोपरा कापला तर पुस्तक सुलटे आहे की उलटे, ते मुलाला स्वतः ठरवता येते. चित्रांच्या जाडीमुळे पुस्तक फुगते आणि मिटल्यावर पाने एकमेकांना दाबतात; म्हणून कड्यांच्या बाजूला पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून पानांत अंतर राखावे.

बोटाच्या टोकाला साधारण दोन मिलिमीटरांपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे कळत नाहीत, तेव्हा शेजारच्या दोन आकारांत किमान तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी. गरम गोंदाच्या बंदुकीने चिकटवल्यास कडेला जे कडक थेंब राहतात, ते मुलाला चित्राचाच भाग वाटतात; कापडाला काजटाका घालणे केव्हाही चांगले. बटणे आणि मणी नुसते चिकटवू नयेत, दुहेरी दोऱ्याने शिवून घ्यावेत आणि जोर लावून ओढून पाहावेत. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतले लहान भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत घालून तपासतात आणि पूर्ण मावणारा भाग धोकादायक मानतात. आपला भाचा त्याहून मोठा असला, तरी अनेक दृष्टिबाधित मुले वस्तू तोंडात घालूनही पारखतात, म्हणून हेच माप धरावे. आवाजासाठी बटणासारखी बॅटरी किंवा पान मिटण्यासाठी लोहचुंबक मुळीच वापरू नये.

सहा ठिपके:
मी जन्मांध आहे आणि ब्रेल वाचतो. मजकूर ब्रेलमध्ये अवश्य द्यावा. डोळस मुलाच्या नजरेसमोर अक्षरे ती वाचता येण्याच्या कितीतरी आधीपासून असतात. तशीच ती आपल्या भाच्याच्या बोटांखालीही असू द्यावीत. मात्र मणी किंवा फुगणारा रंग वापरून ठिपके मोठे करू नयेत. ब्रेलचे अक्षर बोटाच्या टोकाखाली एकदम मावावे अशाच मापाचे असते: ठिपक्यांत सुमारे अडीच मिलिमीटर अंतर आणि उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर. ब्रेलची खाचांची पाटी आणि स्टायलस (कागदाच्या मागून ठिपके टोचण्याची बोथट सुई) यांनी जाड कागदावर लिहून ती पट्टी पानाच्या तळाशी, दर वेळी त्याच जागी लावावी. पाटीवर उजवीकडून डावीकडे उलटे लिहावे लागते, हे ध्यानात असू द्या. खाली छापील ओळही हवी, म्हणजे घरातल्या कोणालाही वाचून दाखवता येईल.

रेषांबद्दल मात्र शिक्षिकाबाईंशी माझा थोडा मतभेद आहे. डोळ्यासाठी घडलेली रेघ बोटाला जड जाते, हे इतिहासालाही ठाऊक आहे. व्हॅलेंतँ आयुई यांनी पॅरिसच्या आपल्या अंधशाळेत उठावाची रोमन अक्षरे छापली होती, पण ती चाचपत वाचण्यात फार वेळ जाई. त्याच शाळेत शिकलेल्या लुई ब्रेल यांनी १८२९ साली आपली ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली. तरीही पुढे शाळेत नकाशे आणि भूमितीच्या आकृत्या रेषांतच भेटणार आहेत. म्हणून छत्रीच्या पानानंतर तीच छत्री फेल्टच्या भरीव आकारात आणि त्यापुढच्या पानावर नुसत्या रेषेत द्यावी, असे मला वाटते.

सुईदोरा:
सर्वांचे मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. कापूस आणि लोकर लागली की तो हात झटकन मागे घेतो. तेव्हा ढगासाठी काय वापरावे? आणि त्याला फक्त उजेडच कळत असेल, तर रंगांचा विचार करावा का?

विशेष शिक्षिका:
रेषांबद्दलची दुरुस्ती मला मान्य आहे. मात्र त्या पानाची घाई नको, वर्ष-दोन वर्षांनी ते कड्यांत ओवता येईल.

ढग मुळात हाताला लागत नाही, त्यामुळे तो गोष्टीत शब्दांतच राहिला तरी काही बिघडत नाही. ज्या पोतांची त्याला नावड आहे, ते नंतर वेल्क्रोने काढता-लावता येतील अशा लहान तुकड्यांवर द्यावेत आणि हात लावायचा की नाही हे त्याच्यावर सोडावे. त्याचा हात धरून वस्तूवर ठेवू नये. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवून आपण वस्तू चाचपावी, म्हणजे त्याला हवे तेव्हा हात काढून घेता येतो.

रंगांचा विचार जरूर करावा. मुलाला नेमके किती दिसते, हे या वयात सांगणे अवघड असते आणि हे पुस्तक पुढे एखाद्या अल्पदृष्टी मुलाच्या हातीही जाऊ शकते. गडद पार्श्वभूमीवर पिवळा किंवा पांढरा आकार ठेवावा. चकाकणारा कागद आणि प्लॅस्टिकचे वेष्टण टाळावे, कारण त्यावर प्रकाश पडला की उरलीसुरली दृष्टीही दिपते.