माणूस आधी की संस्कृती?

कुशावतीकाठचा (प्रश्न)
गोव्याच्या सांगे तालुक्यातील उसगाळीमळ येथे कुशावती नदीच्या काठी जांभ्या कातळावर कोरलेले बैल, हरणे आणि ते वेटोळ्यांचे चक्रव्यूह पाहून आल्यापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. त्या वेटोळ्याने कोणाची भूक भागली नसणार, तरीही कोणीतरी उन्हात बसून ते कोरले. जर्मन तत्त्वज्ञ अर्न्स्ट कासिरर यांनी १९४४ मध्ये माणसाला प्रतीके घडवणारा प्राणी म्हटले, ते तिथे उभे राहिल्यावर पटते. शंका एवढीच, की माणूस आधी पुरता घडला आणि सवडीने त्याने संस्कृती निर्माण केली, की संस्कृतीनेच त्याला माणूस केले?

फोंड्याहून
‘आधी माणूस, मग संस्कृती’ हा क्रम पुराव्यापुढे टिकत नाही. केनियात सापडलेली सर्वांत जुनी ज्ञात दगडी हत्यारे सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत, तर आपली प्रजाती सुमारे ३ लाख वर्षांची. म्हणजे हत्यार घडवण्याची रीत आपल्याहून कितीतरी थोरली आहे, आणि आपला मेंदू व हात तिच्याच सहवासात घडत आले आहेत. मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ माणसाला अपुरा प्राणी मानतात. तो संस्कृतीने पुरा होतो, पण सर्वसाधारण संस्कृतीने नव्हे, कोणत्या तरी एका विशिष्ट संस्कृतीने. हा ‘विशिष्ट’ शब्द मला मोलाचा वाटतो, कारण नुसती भाषा कोणी बोलत नाही, कोकणी किंवा मराठी बोलतो; नुसते अन्न कोणी जेवत नाही, सकाळची पेज जेवतो.

काणकोणची वाचक
मग जपानमधील कोशिमा बेटावरच्या माकडांचे काय करायचे? १९५३ मध्ये तेथील एका तरुण माकडिणीने रताळे पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली आणि ती सवय हळूहळू कळपात पसरली. शिकणे आणि शिकलेले पसरणे ही आपली मक्तेदारी नाही. फरक असलाच तर तो मला वेगळ्या ठिकाणी दिसतो: न धुता रताळे खाल्ले म्हणून त्या कळपाने कोणाला वाळीत टाकल्याचे ऐकिवात नाही. ‘असे करतात’ आणि ‘असेच करावे’ यांतील अंतर बहुधा माणसाने निर्माण केले.

पणजीहून
वाळीत टाकण्याचा उल्लेख निघाला म्हणून लिहितो. संस्कृतीने माणूस पुरा होतो असे म्हटले, की ‘कोणाच्या संस्कृतीने?’ हा प्रश्न लगेच दाराशी येतो आणि गोव्यात तो पुस्तकी नाही. पोर्तुगीज अमलातील इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानात अंगणात तुळस लावण्यास मनाई होती, आणि भात मिठाशिवाय शिजवून मीठ नंतर घेण्यासही. राज्यकर्त्यांना तत्त्वज्ञान ठाऊक असो वा नसो, माणूस कुठे घडतो हे त्यांना नेमके कळले होते: चुलीपाशी. गीर्ट्झ यांचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु ‘अपुरा’ हे विशेषण सर्वांना सारखेच लागू आहे हे प्रत्येक वेळी बजावून सांगावे लागते. नाहीतर एक जण पुरा ठरतो आणि दुसऱ्याला सुधारायला निघतो.

कुशावतीकाठचा
सर्वांचे आभार. आमच्या घरी आजी भातात मीठ घालत नसे. ते पानात डाव्या बाजूला वाढले जाई. ती केवळ चवीची बाब आहे, असे मी आजवर समजत होतो.