सात वर्षांच्या मुलीला शब्दांच्या जाती कशा शिकवाव्यात?

उन्हाळसावली (धरमपेठ, नागपूर)

नमस्कार. मुलगी दुसरीत आहे, सीबीएसई, इंग्रजी माध्यम. शाळेत नाउन-व्हर्ब-ॲडजेक्टिव्ह सुरू आहे आणि त्याच वेळी मराठीच्या वहीत नाम, क्रियापद, विशेषण आलंय. व्याख्या घडाघडा म्हणून दाखवते, पण वाक्य समोर ठेवलं की अडते. कुठे अडते ते नेमकं लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल.

'खेळ छान झाला' यात 'खेळ' हे क्रियापद सांगते. 'आजी घरी आहे' यात क्रियापदच नाही म्हणते, कारण आजी काही करत नाहीये. 'गोड पेरू' लिहिलं की विशेषण ओळखते, 'पेरू गोड आहे' लिहिलं की नाही. शिवाय बोलताना 'दूध सांडला', 'पाणी आला' असं सर्रास.

रोज पंधरा मिनिटं देता येतील. क्रम काय ठेवू, साहित्य काय करू? आठही जाती आत्ताच घ्यायच्या का?

---

खडूफळा

आठही नकोत. या वयात नाम, क्रियापद, विशेषण आणि थोडं सर्वनाम, एवढंच. क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी पुढे ढकला. केवलप्रयोगी मात्र गंमत म्हणून आत्ताही चालेल. 'अबब', 'अरेरे', 'अव माय' हे शब्द मुलं लगेच उचलतात आणि ते वाक्यापासून सुटे उभे असतात हेही त्यांना दिसतं.

तुमच्या पहिल्या तिन्ही अडचणी एकाच मुळाच्या आहेत. व्याख्या अर्थावर बेतलेली असते, 'क्रिया दाखवतो तो शब्द क्रियापद' अशी, आणि 'खेळ' या शब्दात क्रिया दिसतेच. 'आहे'मध्ये दिसत नाही. मुलगी व्याख्येप्रमाणे अगदी बरोबर वागतेय. तिला व्याख्येऐवजी कसोटी द्या, तीही तिच्या कानाला तपासता येईल अशी.

क्रियापदाची कसोटी: तेच वाक्य 'काल' आणि 'उद्या' लावून म्हणायचं. जो शब्द रूप बदलतो तो क्रियापद. काल खेळ छान झाला, उद्या खेळ छान होईल. 'खेळ' जागचा हलला नाही, 'झाला'चं 'होईल' झालं. काल आजी घरी होती, आज आहे, उद्या असेल. आता 'आहे' क्रियापद का, हे समजवावं लागत नाही.

यात एक खाच आहे आणि बहुतेक पालक तिथेच अडकतात. 'ताई पोहे खाते' हे वाक्य 'काल' लावून म्हटलं की 'ताईने पोहे खाल्ले' होतं. दोन शब्द बदलले! मुलीला वाटणार की 'ताई'सुद्धा क्रियापद. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की कर्त्याला 'ने' लागतो, त्यामुळे हे घडतं. म्हणून सुरुवातीची सगळी वाक्यं अकर्मक क्रियापदांची घ्या: नाच, पळ, हस, बस, झोप, पड, उड. मोर नाचला, मोर नाचतो, मोर नाचेल. खाणं, वाचणं, करणं हे नंतर, आणि तेव्हाही फक्त 'आज' आणि 'उद्या' वापरा: ताई पोहे खाते, ताई पोहे खाईल.

नामाच्या दोन कसोट्या लागतात. एक, आधी 'माझा, माझी, माझं' यातलं काहीतरी बसतं. दोन, 'ला' जोडता येतो. नुसत्या 'ला'वर थांबू नका, कारण 'मोठ्याला दे' असंही आपण म्हणतो. 'व्यक्ती, ठिकाण, वस्तू' ही व्याख्या राग, आवाज, सुट्टी असे शब्द बाहेर टाकते. 'माझा राग, रागाला' म्हटलं की ते आत येतात. 'ला' लावताना घोडा-घोड्याला, चिंच-चिंचेला, बोर-बोराला असं रूप बदलतं. ते शिकवायची गरज नाही, तिच्या तोंडी ते आधीच आहे. ते नुसतं कागदावर दाखवा.

विशेषणासाठी नाम बदलून पाहायचं. पेरू मोठा आहे, चिंच मोठी आहे, बोर मोठं आहे. नामामागे धावत जो शब्द बदलतो, तो विशेषण. मग तो नामाच्या आधी असो की नंतर. (क्रियापदही लिंगाप्रमाणे बदलतं, म्हणून इथे 'आहे' हेच क्रियापद ठेवायचं, ते स्थिर राहतं.) पहिला आठवडाभर मोठा, काळा, ओला, जुना असे आकारान्तच शब्द. ते पक्के झाल्यावर लाल, गोड, गरम, सुंदर घ्या, हे बदलत नाहीत. तिथे प्रश्न विचारायचा: गोड काय? पेरू. उत्तर वाक्यातच नाम म्हणून सापडलं तर 'गोड' विशेषण. 'ताई गोड गाते' यात गोड काय? गाणं, आणि तो शब्द वाक्यात नाही. पण अशी वाक्यं मुद्दाम देऊ नका, तिनेच आणलं तर सांगा.

साहित्य साधं आहे. ए-४ आकाराचं जाड पांढरं कार्डशीट लांबीच्या बाजूने ४ सेंमी रुंद पट्ट्यांत कापा, एका कागदात ५ पट्ट्या निघतात. ४ कागदांत २० वाक्यं. अक्षर साधारण २ सेंमी उंच, वर आणि खाली १-१ सेंमी मोकळं सोडा, नाहीतर वेलांटी, मात्रा, उकार कापले जातात आणि 'पेरू'चा 'पर' होतो. आधी पूर्ण वाक्य लिहा, मग मुलीसमोर शब्दाशब्दांत कापा. आधीच सुटे शब्द लिहून ठेवले तर तिला वाक्य कधी दिसतच नाही.

आणि क्रियापदाच्या कार्डावर 'पळणे', 'नाचणे' असं लिहू नका. बाजारातल्या तयार कार्डांवर असंच असतं. 'माझं नाचणं', 'नाचण्याला' म्हणता येतं, म्हणजे नामाच्या दोन्ही कसोट्या ते पार करतं. हुशार मूल ते नामाच्या ढिगात टाकेल आणि आपण त्याला चूक म्हणू. 'नाचते', 'पळाला' असंच लिहा.

---

वर्धा_रोड

वरचं सगळं पटलं, त्यात दोन गोष्टी आपल्या भागापुरत्या जोडतो.

'दूध सांडला', 'पाणी आला' हा शब्दजातींचा घोळ नाही, लिंगाचा आहे, आणि तो हिंदीतून येतो. नागपुरात मूल गल्लीत, स्कूलव्हॅनमध्ये, दुकानात दिवसभर हिंदी ऐकतं. हिंदीत दोनच लिंगं, त्यामुळे दूध आणि पाणी दोन्ही पुल्लिंगी. मराठीतलं नपुंसकलिंग मुलाला वेगळं ऐकवावं लागतं. याचा सराव शब्दजातींच्या पंधरा मिनिटांत घालू नका, एका वेळी दोन गोष्टी तपासल्या की मूल दोन्हीत गोंधळतं. दिवसातून सहज पाच-सहा वेळा 'ते दूध', 'ते पाणी', 'ते पुस्तक' असं 'ते' लावून तुम्हीच बोला. तिने 'दूध सांडला' म्हटलं तर 'हो, दूध सांडलं, फडकं आण' एवढंच. थांबवून दुरुस्त करायला लागलात तर ती बोलणंच आखडतं घेईल.

उदाहरणांसाठी फळं घेताना संत्रं टाळा, निदान सुरुवातीला. आपल्याकडे 'तो संत्रा' म्हणतात, पुस्तकात 'ते संत्रे' असतं, आणि मुलीला 'संत्रे' हे अनेकवचन वाटतं. तो पेरू, ती चिंच, ते बोर यात वाद नाही.

दुसरी गोष्ट. घरात 'मी अभ्यास करून राहिली' असं बोलत असाल तर तेही वाक्य पट्टीवर लिहा. यात क्रियापद 'करून राहिली' हे दोन्ही शब्द मिळून. एकेक शब्द बोटाने झाका: 'मी अभ्यास करून' अर्धवट, 'मी अभ्यास राहिली'ही अर्धवट. 'मले' आणि 'मला' दोन्ही सर्वनामंच. बोली चुकीची आहे असं शब्दजातीच्या तासात मुलाच्या मनात भरवू नका. पुस्तकातलं रूप 'करत आहे' असं असतं, एवढं शेजारी लिहून दाखवलं की पुरे.

---

पाटीपेन्सिल

मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येतं. आठ-दहा पट्ट्यांनंतर मुलं कसोटी सोडून सरळ शेवटचा शब्द दाखवायला लागतात, आणि सगळी उत्तरं बरोबर येत असल्यामुळे आपल्याला पत्ताच लागत नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून कापलेले शब्द उलटसुलट लावा: 'पडला नंदी धपकन', 'झोपली का ताई?' मराठीत क्रम बदलला तरी अर्थ टिकतो, त्याचा फायदा घ्यायचा.

खुणांसाठी मॉन्टेसरी पद्धतीतले आकार चांगले आहेत: नामाला काळा मोठा त्रिकोण, क्रियापदाला लाल गोल, विशेषणाला गडद निळा, जरा लहान त्रिकोण, सर्वनामाला जांभळा उंच त्रिकोण. घोटीव कागदाचे प्रत्येकी १०-१२ कापून डबीत ठेवा. हे आकार वाक्यातल्या शब्दाच्या वर ठेवायचे असतात. शब्दाचं कार्डच रंगीत करणं ही फार होणारी चूक. 'खेळ' लाल कार्डावर लिहिला की तो कायमचा क्रियापद होऊन बसतो. त्यापेक्षा हे पाहा:

तू खेळ. / हा खेळ छान आहे.
चेंडू मार. / त्याला मार बसला.
हळू बोल. / आजीचे बोल आठव.

पहिल्या वाक्यात 'खेळ'वर लाल गोल, दुसऱ्यात तोच शब्द पण काळा त्रिकोण. मूल स्वतःच्या हाताने आकार बदलतं तेव्हा कळतं की जात वाक्यात ठरते. यांत 'काल-उद्या' चालत नाही, आज्ञा आहे म्हणून. इथे 'माझा' लावून बघायला सांगा.

सर्वनाम सगळ्यांत शेवटी, आणि ओळखायला लावण्याऐवजी वापरायला लावा. 'चिमणीने चिमणीच्या पिल्लाला चिमणीच्या चोचीतला दाणा दिला' असं वाक्य म्हणा, ती आपणच हसून 'तिने तिच्या' करेल. मग 'तिने'वर जांभळा त्रिकोण. 'तो मुलगा' यातला 'तो' आत्ता नको, तिथे तो विशेषणाचं काम करतो.

---

उन्हाळसावली

खूपच उपयोगी. अकर्मक क्रियापदांचा मुद्दा तर कुठल्याच वर्कबुकात नव्हता. अजून एक: शाळेत प्रिपोझिशन येणारच आहे. 'अंडर द ट्री' आणि 'झाडाखाली' हे तिला एकत्र कसं दाखवू? ती 'झाडाखाली' हा अख्खा शब्द नाम सांगते.

---

खडूफळा

ती फार चुकत नाहीये, आत नाम आहेच. 'झाडाखाली' पट्टीवर लिहा आणि 'झाडा' व 'खाली' यांच्यामध्ये कात्री लावा. 'झाडा'वर काळा त्रिकोण, 'खाली' सध्या बिनखुणेचा. मग 'ट्री' आणि 'अंडर' त्या-त्या तुकड्याखाली ठेवा: इंग्रजीत तो शब्द आधी आणि सुटा, मराठीत मागे आणि जोडून. 'झाड'चं 'झाडा' झालंय तेही दाखवा. असं रूप बदललेलं दिसलं की पुढे काहीतरी चिकटलंय समजायचं. आत, वर, खाली, मागे, पुढे, जवळ हे सहा शब्द पुरेत. घरातल्याच वस्तू घेऊन एकेकीने सांगायचं, दुसरीने ठेवायचं: डबीजवळ, उशीखाली, टेबलावर. 'तो खाली बसला' यातला 'खाली' सुटा आहे, म्हणून तो शब्दयोगी नाही. ती वाक्यं चौथी-पाचवीपर्यंत बाजूला राहू द्या.

---

वर्धा_रोड

यासाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी काढा, घरात असेलच. 'नंदी पाटावर', 'नंदी पाटामागे', 'छोटा नंदी मोठ्या नंदीजवळ'. शेवटच्या वाक्यात 'मोठा'चं 'मोठ्या' होतं, ते तिने विचारलं तरच बोला.