चर्चा: मणिकंदन ‘वाया गेला’ म्हणणाऱ्यांसाठी

फाटका_पडदा
परवा सोमण मास्तरांनी लिहिलं की एम. मणिकंदन म्हणजे वाया गेलेल्या तमिळ शॉर्टफिल्मवाल्याचा नमुना. एका लघुपटावर नाव झालं, एक राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग गडी थंडावला. तिकडे तसाच शॉर्टफिल्ममधून आलेला दिग्दर्शक कार्तिक सुब्बराज रजनीकांतचा ‘पेट्टा’ करून मोकळा. डोकं उठलं वाचून.

तो लघुपट, ‘विंड’, 2010चा. तो दिग्दर्शक वेट्रीमारननी पाहिला, आणि पुढे धनुषबरोबर ‘काक्का मुट्टै’साठी पैसे घातले. रुळांवर सांडलेला कोळसा वेचून 299 रुपयांचा पिझ्झा खायला निघालेली दोन पोरं. 2014ला टोरंटोचा चित्रपट महोत्सव, मग बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, दोन्ही पोरांनाही. 2016त आणखी दोन सिनेमे. नंतर 2022त ‘कडैसी विवसायी’ (शेवटचा शेतकरी): निर्माता स्वतः, कॅमेरा स्वतः, आणि नायक नल्लांडी, ऐंशी ओलांडलेला खराखुरा शेतकरी. याला थंडावणं म्हणतात?

सोमण मास्तर
म्हणतात. 2016नंतर थेट 2022! एवढ्याच वर्षांत आमच्या नागराजने ‘पिस्तुल्या’ या लघुपटावरून ‘फँड्री’ आणि ‘सैराट’पर्यंत मजल मारली होती. मणिकंदन आधी लग्नाचे फोटो काढायचा; लग्नाचे फोटो काढणाऱ्याला एकदा लॉटरी लागली, एवढंच म्हणायचंय. लॉटरी म्हणजे करिअर नव्हे.

चेन्नईकर_काकू
मास्तर, वेगच मोजायचा तर नलन कुमारसामी घ्या. कलैग्नर टीव्हीवर ‘नाळैय इयक्कुनर’ ही लघुपटवाल्यांची स्पर्धा लागायची, त्याच्या पहिल्या पर्वाचा विजेता. आमच्याकडे जेवणं थांबायची त्यासाठी. 2013त ‘सूदु कव्वुम’, 2016त पुढचा, मग कितीतरी वर्षं स्वतःचा पूर्ण सिनेमा नाही. म्हणून तो वाया गेला असं इथे कुणी म्हणत नाही. पटकथा लिहीत होता की! ‘सुपर डिलक्स’च्या लेखकांत नाव आहे त्याचं.

मिरजवाला_कॅमेरा
“लग्नाचे फोटो काढणारा” हे कुठल्या सुरात लिहिलंत मास्तर? मी तेच करतो. शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट खाली येतो, त्याच क्षणी शंभर हात अक्षता टाकायला वर जातात आणि नेमका नवरीचा मामा फ्रेममध्ये घुसतो. रीटेक नाही. मांडवातला उजेड पिवळा, बाहेरचा निळा, मध्ये डीजेवाल्याचा जांभळा. ज्याला हे जमलं, त्याला नल्लांडींसारख्या कधी अभिनय न केलेल्या माणसासमोर कॅमेरा कसा धरायचा हे शिकवावं लागत नाही.

सोमण मास्तर
माझ्या मुलीच्या लग्नात तुमच्याच एका भावबंदाने कन्यादान सोडून आइस्क्रीमच्या स्टॉलचे ड्रोन शॉट घेतले. अल्बम आला आठ महिन्यांनी.

मिरजवाला_कॅमेरा
बाकी किती ठेवली होतीत ते सांगा आधी.

सोमण मास्तर
अल्बम आल्यावर द्यायचं ठरलं होतं!

मिरजवाला_कॅमेरा
हां, आलं बाहेर. केटरर, मांडववाला, भटजी सगळ्यांचे पैसे हातावर. शूटिंगवाल्याला ‘बघू या नंतर’. आणि आम्हीच वाया गेलेले.

फाटका_पडदा
अरे धागा मणिकंदनचा आहे.

बारक्या_सातारा
असू दे हो, चालू द्या. मलाही विचारायचंय, प्री-वेडिंगचे पैसे मुलाकडचे देतात की मुलीकडचे?

चेन्नईकर_काकू
आता मणिकंदनच. फेब्रुवारी 2024मध्ये त्याच्या उसिलमपट्टीच्या घरी चोरी झाली. पैसे, सोनं आणि राष्ट्रीय पुरस्काराची पदकं गेली. काही दिवसांनी पदकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून घराबाहेर परत आली, सोबत चिठ्ठी: माफ करा, तुमच्या मेहनतीचं फळ तुमचंच. सोनं मात्र ठेवून घेतलं. चोरालाही कळतं.

सोमण मास्तर
चोराला भाव कळतो, काकू. सोनं खपतं, पदक खपत नाही. माझाच मुद्दा सिद्ध झाला.

फाटका_पडदा
झाला ना? मग ऐका. त्या माणसाने स्वतःच्या निर्मितीत शेतकऱ्याचा सिनेमा केला. म्हातारा मेलेले मोर पुरतो म्हणून तुरुंगात जातो, शेतात पीक वाळायला लागतं आणि न्यायाधीश हवालदाराला शेताला पाणी द्यायला पाठवते. सलग प्रसंग आहे, पार्श्वसंगीताने रडवत नाही. यासाठी सहा वर्षं लागली तर लागली. नल्लांडी प्रदर्शनाआधीच गेले. राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा खास उल्लेख झाला. तुम्ही तो पाहिलाय का, एवढंच सांगा.

सोमण मास्तर
‘काक्का मुट्टै’ पाहिलाय. पिझ्झा हातात आल्यावर पोरं म्हणतात आजीचा डोसाच बरा, तो शेवट चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण एका चांगल्या शेवटावर माणूस किती वर्षं जगणार?

चेन्नईकर_काकू
म्हणजे ‘कडैसी विवसायी’ न बघताच निकाल लावलात. वा.

सोमण मास्तर
बघतो. सबटायटल्स वाचता वाचता डोळे गेले तर बिल फाटक्या पडद्याला पाठवीन.

मिरजवाला_कॅमेरा
बिलाचं राहू द्या. त्या अल्बमवाल्याची बाकी दिलीत का?