मदत हवी आहे: ऑस्ट्रियात पावसाने झड धरली आहे, दोनच दिवस उरले आहेत, आईला हिमनदी कधी दाखवावी?

नमस्कार.

मी, माझे यजमान, 9 वर्षांची मुलगी आणि 71 वर्षांची माझी आई असे आम्ही चौघे सध्या ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग प्रांतात, झेल आम झे या गावी, सरोवराकाठी घर भाड्याने घेऊन राहिलो आहोत. उंचावर जाण्याआधी आईचा प्रवासाचा शीण उतरावा म्हणून पहिले तीन दिवस आम्ही गावातच काढले आणि नेमके तेच दिवस लख्ख उन्हाचे होते. काल दुपारपासून पाऊस लागला आहे. इथले लोक याला श्नूर्लरेगन, म्हणजे दोऱ्यांचा पाऊस म्हणतात. आषाढातल्या सरीसारखा तो अंगावर येत नाही, पण क्षणाची उसंतही देत नाही. श्मिटनहोहे डोंगरावर जाणाऱ्या केबल कारचे दोन खांब सज्जातून दिसतात, तिसरा ढगात गेला आहे. आज सकाळी ढग पाच मिनिटे वर सरकले तेव्हा वरच्या उतारांवर ताजे बर्फ पडलेले दिसले, तेही जुलै महिन्यात. आईने लगेच नातीला बाहेर बोलावले आणि हजार मीटर वर गेले की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते, म्हणून खाली पाऊस आणि वर बर्फ, हे तिला समजावून सांगितले.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण माझा प्रश्न त्याच्याशीच जोडलेला आहे. आईने सातारा जिल्ह्यातल्या शाळांत 32 वर्षे भूगोल शिकवला. हिमगव्हर, हिमोढ, यू आकाराची दरी यांच्या आकृत्या तिने फळ्यावर किती वेळा काढल्या असतील याची गणती नाही, पण प्रत्यक्ष हिमनदी तिने आजवर पाहिलेली नाही. हा प्रवास आम्ही त्यासाठीच आखला. ग्रोसग्लॉकनर या 3798 मीटर उंचीच्या, ऑस्ट्रियातील सर्वोच्च शिखराच्या पायथ्याशी पास्टेर्झे ही या देशातली सर्वांत लांब हिमनदी आहे आणि 2369 मीटर उंचीवरच्या कायझर फ्रान्झ योझेफ कट्ट्यावरून ती समोर दिसते. तिथपर्यंत गाडी जाते, त्यामुळे आईला चढावे लागणार नाही. तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. अडचण अशी की 1935 साली खुल्या झालेल्या या घाटरस्त्यावर 36 मोठी वळणे आहेत, आईला गाडी लागते, पथकरही बराच आहे आणि ढगात शिरलो तर पुढची गाडीसुद्धा दिसणार नाही. एवढा त्रास सोसून तिला पांढरा पडदा दाखवून आणणे मला नको आहे.

उद्या दिवसभर पाऊस आहे आणि वारा वायव्येचा आहे. परवा सकाळी उघडीप असून दुपारनंतर पुन्हा सरी आहेत. त्यानंतरच्या दिवशी आमचे परतीचे विमान आहे. तेव्हा सगळी भिस्त परवाच्या सकाळवर ठेवावी, की उद्याच जाऊन मिळेल ते पाहावे? दुसरे असे की, महाबळेश्वरला धो धो पाऊस असताना वाईला नुसता शिडकावा असतो, तसेच इथेही डोंगररांगेच्या दक्षिणेला कोरडे असते का? असल्यास उद्या आईला घेऊन तिकडे जाणे शहाणपणाचे ठरेल का? क्रिमलचा धबधबाही मनात आहे, परंतु ओल्या वाटेवर तिचा पाय घसरण्याची मला भीती वाटते. या भागात राहिलेल्या किंवा नुकत्याच फिरून आलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, मी सहा वर्षे साल्झबुर्गमध्ये राहतो, त्या अनुभवावरून सांगतो. वाईची उपमा अगदी योग्य आहे. वायव्येचा वारा होहे टाउअर्नच्या रांगेला अडतो, ढग उत्तरेकडे साचतात आणि पलीकडे लिएन्झला पुष्कळदा ऊन असते. मिटरसिलहून फेल्बरटाउअर्नच्या पाच किलोमीटरहून थोड्या लांब बोगद्यातून गेलात, तर साधारण दीड तासात लिएन्झ गाठाल आणि तो रस्ता घाटरस्त्याइतका वळणांचा नाही. मात्र पास्टेर्झे रांगेला अगदी चिकटून असल्यामुळे लिएन्झला ऊन पडले तरी तिथे ढग उतरलेले असू शकतात. त्या भरवशावर उद्या कट्ट्याकडे वळू नका. शिवाय ताजे बर्फ पडले की उन्हाळ्यातही घाटरस्ता कधी कधी काही काळ बंद ठेवतात.

माझ्या मते उद्या मिटरसिलचे राष्ट्रीय उद्यानाचे दालन पाहावे. तिथे हिमनद्यांवरचा स्वतंत्र विभाग आहे आणि तुमच्या आईंना त्यात हमखास रस वाटेल. बाहेर पडल्यावर इंटरनेटवर लिएन्झचे थेट दृश्य दाखवणारा कॅमेरा पाहा. ऊन दिसले तर पुढे जा, नाही तर परत फिरा. क्रिमलचा धबधबा तीन टप्प्यांत मिळून 380 मीटर कोसळतो, पण खालचा टप्पा पाहण्यासाठी वर चढावे लागत नाही. पावसात त्यांना तेवढाच दाखवा आणि काठी बरोबर असू द्या. अरुंद घळींच्या वाटा मात्र टाळा, जोराच्या पावसात दगड सुटतात म्हणून त्या बंदही करतात.

परवा भल्या पहाटे निघा. रात्री ढग विरले तर सकाळी सात ते दहा हीच खरी वेळ, नंतर उन्हाने ढग पुन्हा वर चढू लागतात. आईंना पुढच्या आसनावर बसवा, दर काही वळणांनी पाच मिनिटे थांबा आणि गरम कपडे जवळ ठेवा, वर पाच-सहा अंशच असेल. कट्ट्यावर पोचलात की हिमनदीच्या दोन्ही बाजूंचे उघडे पडलेले कातळ त्यांना दाखवा. पूर्वी बर्फ कुठवर होते, हे त्यांना कुणी सांगावे लागणार नाही.

धागाकर्तीकडून

मनापासून आभार. आईला आपला प्रतिसाद वाचून दाखवला. उद्या मिटरसिल आणि परवा पहाटे साडेपाचला निघायचे, असे तिनेच ठरवले आहे. एकच शंका उरली: सकाळी निघण्याआधी कट्ट्यावरचा कॅमेरा पाहून निर्णय घ्यावा, की तो ढगात दिसला तरी निघून वाटेत उघडण्याची वाट पाहावी?