'जिन्जा'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: जपानात नारा भागातल्या साकुराईजवळ ओमिवा जिन्जा आहे. जिन्जा म्हणजे शिंतो या जपानी धर्माची पूजेची जागा. तिथे जाऊन आले आणि लिहायला बसले, तर पहिल्याच वाक्याला अडले. 'शिंतो मंदिर' म्हटलं की वाचणारा मूर्ती शोधणार. इथे मूर्ती नाही, गाभाराही नाही. १६६४ साली बांधलेला प्रार्थनेचा मंडप, त्यामागे एकमेकींना जोडलेल्या तीन कमानी आणि त्यांच्यापलीकडे थेट ४६७ मीटर उंचीचा मिवा डोंगर. डोंगरच देव! अशा जागेला काय म्हणायचं? आणि कमानीला, म्हणजे 'तोरी'ला, 'तोरण' चालेल का?

प्रतिसाद: 'देऊळ' नको. तो शब्द 'देवकुल'वरून आला, देवाचं घर. बहुतेक जिन्जांमध्ये देवासाठी आतली इमारत असते, तिथे तो शोभेल. ओमिवाला ती इमारतच नाही. मी 'देवस्थान' लिहीन, मंडपाला 'सभामंडप'.

पण 'डोंगरच देव' जरा जपून. जपानी शब्द 'शिंताई', शिन म्हणजे देव, ताई म्हणजे शरीर. देव ओमोनोनुशी, डोंगर त्याची काया. आपल्याकडे नाशिक-धुळ्याकडचे आदिवासी 'डोंगऱ्या देव' म्हणतात, त्याच्या जवळ जाणारं आहे, पण तेच नाही.

डोंगरावरच्या पूज्य शिळांना 'इवाकुरा' म्हणतात. इथे 'तांदळा' लिहायचा मोह होईल. तांदळा म्हणजे अनघड दगड, पण तो स्वतःच देव, त्याला शेंदूर लागतो. इवाकुरा ही देव येऊन बसण्याची जागा. म्हणून 'ठाण', किंवा सरळ 'देवाची बैठक'.

'तोरी' तसाच ठेवा. 'तोरण'शी नाद जुळतो, पण दोन्ही शब्दांचं नातं सिद्ध झालेलं नाही. जपानी लिपीत तो 'पक्षी' आणि 'असणे' या दोन चिन्हांनी लिहितात. शिवाय आज तोरण म्हटलं की डोळ्यांसमोर आंब्याची पानं आणि झेंडू येतात. एकदाच सांगा: दोन खांब, वर दोन आडव्या तुळया. खरं तर मंडपासमोरच्या दोन खांबांमध्ये भाताच्या पेंढ्याचा जाड पिळाचा दोर बांधलेला असतो ना, 'शिमेनावा', तोच आपल्या तोरणाच्या जास्त जवळचा.

प्रश्नकर्ती: दोराचं अगदी पटलं! मी तो पाहिला आणि हात आपोआप जोडले गेले. मंडपाजवळच्या जुन्या 'सुगी' या सूचिपर्णी झाडापुढे लोकांनी अंडी आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, ठेवली होती. देव सापाच्या रूपात येतो, त्याच्यासाठी. नागपंचमीचं दूध आठवलं.

एक शब्द राहिला. डोंगरावर जायला ओमिवाच्याच आवारातल्या साई जिन्जात नाव नोंदवतात, गळ्यात छोटी घंटा लावलेला पांढरा पट्टा देतात. फोटो नाहीत, पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. याला 'ट्रेक' लिहवत नाही.

प्रतिसाद: लिहूच नका. सप्तशृंगीला जाऊन आलेला माणूस 'गडावर जाऊन आलो' एवढंच म्हणतो, दर्शन त्यात आलंच. 'मिवाच्या डोंगरावर जाऊन आले' लिहा.