फेलोशिपला मराठीत काय म्हणायचं? आणि ‘पिशवी’ नक्की कुठली?

शमा_एडिसन
इथे न्यू जर्सीत एका दवाखान्यासाठी रुग्णांच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. मुलांकडे राहायला आलेल्या आपल्याकडच्या आया-सासवा ते वाचणार आहेत. सगळं पत्रक झालं, पण एका वाक्यावर चार दिवस अडलेय. वाक्याचा मतलब असा: तुमच्या सर्जनने स्त्रीरोग आणि प्रसूतीचं चार वर्षांचं प्रशिक्षण संपवून पुढे ‘युरोगायनेकॉलॉजी अँड रिकन्स्ट्रक्टिव्ह पेल्व्हिक सर्जरी’ (बायकांचं गर्भाशय किंवा मूत्राशय खाली सरकणं, लघवी निसटणं यांवरचे उपचार) या विषयात तीन वर्षांची फेलोशिप केली आहे.

मी लिहिलं, ‘तीन वर्षांची अधिछात्रवृत्ती पूर्ण केली आहे.’ सासूबाईंना वाचायला दिलं. त्या जुन्या अकरावी पास, रोज पेपर वाचणाऱ्या. म्हणाल्या, “म्हणजे हिला शिकायला पैसे मिळत होते. बरं मग? ते मला कशाला सांगताय?” ‘पाठ्यवृत्ती’ करून दाखवलं, तरी तेच.

आणखी एक. मी जिथे ‘गर्भाशय किंवा मूत्राशय खाली सरकणे’ लिहिलं होतं, तिथे त्यांनी पेनने खोडून ‘अंग बाहेर येणे’ लिहिलं. मी म्हटलं, आई, हे छापील कागदावर बरं दिसणार नाही. त्यावर त्या गप्प झाल्या. कुठला शब्द ठेवू?

अण्णा_वाई
‘अधिछात्रवृत्ती’ अजिबात बदलू नका. संशोधन करणाऱ्या मुलांना पैसे देणाऱ्या बार्टी आणि सारथी या दोन्ही सरकारी संस्थांच्या जाहिरातींत हाच शब्द असतो, हजारो मुलं तो वापरतात. शब्द वापरून रुळतो. ‘महापौर’ सावरकरांनी दिला तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती, आज मेयर कोण म्हणतं? शिवाय ‘छात्र’ हा फार सुंदर शब्द आहे. गुरूच्या उणिवांवर जो छत्र धरतो तो छात्र, अशी त्याची व्युत्पत्ती पाणिनीच्या टीकाकारांनी दिली आहे. तीन वर्षं एखाद्या ज्येष्ठ सर्जनच्या हाताखाली राहणाऱ्या डॉक्टरला याहून चांगलं काय म्हणणार?

गोदातीर
अण्णा, व्युत्पत्ती सुंदर आहे, पण सर्जनच्या उणिवांवर छत्र धरणारा शिष्य रुग्णाला नको असतो. उणीव दिसली तर बोलणारा हवा असतो.

‘फेलो’ मराठीला नवा नाही. पेशवे विद्वानांना जी दक्षिणा देत, तिच्या रकमेतून इंग्रजांनी पुढे फेलो नेमले, न्यायमूर्ती रानडे ‘दक्षिणा फेलो’ होते. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी माणसांनी तो शब्द तसाच घेतला. मूळ शब्द उत्तर युरोपातला, जुन्या नॉर्स भाषेतला. ‘फे’ म्हणजे गुरंढोरं, धन. ते एकत्र ठेवणारे ते फेलो, म्हणजे भागीदार. शमाताई, तुमच्या सासूबाईंना त्यात पैशाचा वास आला तो अगदी मुळापासूनचा आहे.

रेघोटी
आणि एफआरसीएस या सर्जनांच्या ब्रिटिश पदवीमधला एफ? तोही फेलोच. तिथे पैसे मिळत नाहीत, तो मान आहे. म्हणजे एकाच शब्दात पैसे, पद आणि मान असे तीन अर्थ. मराठीत तिन्हींना एकच शब्द शोधणं मला चूक वाटतं.

डॉ_सुमेधा
मी याच विषयातली आहे, म्हणून लिहिते. अमेरिकेत ही स्वतंत्र उपशाखा म्हणून २०११ मध्ये मान्य झाली आणि २०१३ मध्ये तिची पहिली बोर्डाची परीक्षा झाली. तेव्हाचं नाव ‘फीमेल पेल्व्हिक मेडिसिन अँड रिकन्स्ट्रक्टिव्ह सर्जरी’. शमाताईंच्या वाक्यातलं नाव अलीकडचं. स्त्रीरोगाकडून येणाऱ्याला तीन वर्षं, युरोलॉजीकडून, म्हणजे लघवीच्या विकारांच्या शाखेकडून येणाऱ्याला दोन. ब्रिटनमध्ये यालाच ‘सबस्पेशालिटी ट्रेनिंग’ म्हणतात, तिथे तुमचा प्रश्न उठलाच नसता.

दोन दारांनी एकाच खोलीत यायचं, ही या फेलोशिपची खरी गंमत आहे, आणि ती का, हे कळलं तर शब्द सापडेल. माझ्या आत्याची गोष्ट सांगते. तिला खालून काहीतरी हाताला लागायचं आणि खोकल्यावर लघवी निसटायची. ती म्हणाली, “पिशवी खाली आलीय.” बाईने पिशवी म्हटलं की आपण गर्भाशय समजतो. डॉक्टरांनीही तेच समजून गर्भाशय काढलं. वर्षभरात तिला परत तसंच हाताला लागायला लागलं. खाली उतरत होती ती मुळात लघवीची पिशवी. त्यासाठी ती लघवीच्या डॉक्टरांकडे गेली, तर ते म्हणाले, हे बायकांच्या डॉक्टरांचं काम. त्या म्हणाल्या, लघवीचं तिकडे दाखवा. दोन दवाखान्यांच्या मधल्या रस्त्यावर आत्याची सहा वर्षं गेली. ती लग्नाकार्याला जायची बंद झाली. मी फेलोशिपचा अर्ज भरताना माझ्या डोळ्यांसमोर तीच होती.

पहिल्या आठवड्यात आम्हाला पहिलं शिकवतात ते मोजायला. योनीच्या दारापासून पुढची भिंत, गर्भाशयाचं तोंड, मागची भिंत यांतलं काय किती सेंटिमीटर आत आहे नि किती बाहेर, हे पट्टीने मोजून कागदावर मांडायचं. ती पद्धत १९९६ मध्ये ठरली. बाई नुसतं ‘पिशवी’ म्हणते, तेव्हा कुठली, हे आम्ही मोजून शोधतो.

कमलताई_नर्स
मी ३१ वर्षं नर्सबाई म्हणून खेड्यापाड्यांतून काम केलं. शमा, तुझ्या सासूबाईंनी लिहिलंय तेच ठेव. ‘गर्भाशयभ्रंश’ लिहिलंस तर बाई कागदाची घडी करून डब्याखाली ठेवेल. ‘अंग बाहेर येतंय का’ असं विचारलं की मान खाली घालून ‘हो’ म्हणते. आमच्या भागात काही जणी ‘मायांग’ म्हणत.

अण्णा_वाई
कमलताई, आदर ठेवून सांगतो, ‘अंग बाहेर येणे’ हे बाईचं दुखणंच नाही. आमच्याकडे लहान मुलाला शौचाच्या वेळी जोर केल्यावर गुदद्वार बाहेर येतं, त्याला म्हणतात. माझ्या धाकट्या भावाला व्हायचं, आजी तेल लावून बोटाने आत सारायची. शास्त्रीय नाव ‘गुदभ्रंश’. हे नाव सुश्रुतापासून चालत आलंय आणि त्यात घोटाळा होत नाही.

कमलताई_नर्स
अण्णा, दोन्हीला म्हणतात. मुलाचं अंग वेगळं, बाईचं वेगळं, हे ऐकणाऱ्याला कळतं.

कासारघाट
‘मायांग’ म्हणजे जे बाहेर येतं ते नाही हो, ती जागा. आमची आई बाळंतपणं करायची, ती ‘मायांग चिरलं’ म्हणायची, म्हणजे योनी. गर्भाशयाला ती ‘पिशवी’च म्हणायची.

कमलताई_नर्स
आमच्याकडे ‘मायांग बाहेर आलं’ असंच म्हणत. जागा कशी बाहेर येईल?

डॉ_सुमेधा
येते, कमलताई. गर्भाशय काढलेल्या बाईला योनीचा वरचा भाग उलटून बाहेर येऊ शकतो, पायमोजा काढताना आतली बाजू बाहेर येते तसा. त्यामुळे तुम्ही दोघी बरोबर असाल. अण्णांचं गुदद्वारही परकं नाही. पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय, मागे गुदाशय, या तिघांना खालून एकच स्नायूंची झोळी धरून असते. झोळी सैल पडली की कुणीही उतरू शकतं.

गोदातीर
मग सुश्रुताचा आणखी एक शब्द बघा. ‘भगंदर’ हा शब्द आपण फक्त शौचाच्या जागेजवळच्या नळीसारख्या जखमेला वापरतो. पण भग, गुद आणि बस्ती या तिन्ही प्रदेशांचं दारण करतो म्हणून तो भगंदर, असं सुश्रुताने म्हटलंय. म्हणजे डॉक्टर म्हणतात त्या तिन्ही जागा एकाच शब्दात आल्या! ‘युरोगायनेकॉलॉजी’ला ‘भगबस्तिशास्त्र’ का म्हणू नये?

रेघोटी
कारण मराठीत ‘बस्ती’ म्हणजे एनिमा. ‘बस्तीच्या डॉक्टर’ असं छापलंत तर बाया पंचकर्माला आल्यासारख्या तेल मागतील. आणि ‘भग’ म्हणाल तर पत्रक घरात कुणी उघडं ठेवणार नाही.

मला याहून जास्त खटकतो तो ‘मूत्र असंयम’. हा सरकारी मराठीत सर्रास दिसतो. संयम नाही, म्हणजे दोष बाईचा झाला. चार बाळंतपणं, डोक्यावर पाण्याच्या कळश्या, आयुष्यभराचा खोकला, आणि वर आपण तिला असंयमी म्हणायचं? माझी आई शिंक आली की पाय जवळ घेऊन जिन्यात थांबायची. घरात सगळ्यांना माहीत होतं, शब्द मात्र कुणाकडे नव्हता. ‘लघवी निसटते’ हे बरोबर मराठी आहे. निसटणाऱ्या गोष्टीत बाईची चूक नसते.

अण्णा_वाई
हे मला पटलं. ‘असंयम’ काढा. ‘मूत्रस्राव’ चालेल.

कमलताई_नर्स
मी बाजेचं उदाहरण द्यायची. सुंभाची बाज वर्षानुवर्षं वापरली की मधून खोलगट होते. माणूस तोच, वजन तेच, पण मध्ये बुडतो. मग आपण पायथ्याची दोरी ओढून ताणून बांधतो. बायांना लगेच कळायचं, कारण बाळंतपणात सव्वा महिना त्या बाजेवरच असत. मी त्यांना सांगायची, लघवी रोखायला जसं आतून आवळता तसं आवळा, दहापर्यंत मोजा, सोडा. त्या त्याला ‘दोरी ओढायची कसरत’ म्हणत. पुढे एका शिबिरात कळलं की याला केगल म्हणतात.

डॉ_सुमेधा
कमलताई, आर्नोल्ड केगल यांनी ती कसरत १९४८ मध्ये मांडली. ‘दोरी ओढायची कसरत’ मी उद्यापासून वापरणार आहे. आणि ‘रिकन्स्ट्रक्टिव्ह’ला मला ‘पुनर्रचना’पेक्षा ‘ताणून बांधणं’च जवळचं वाटतं, कारण आम्ही करतो ते तेच. गर्भाशय किंवा योनीचा वरचा भाग मागे माकडहाडाच्या वरच्या हाडाला, नाहीतर बाजूच्या घट्ट दोऱ्यांना बांधून घ्यायचा.

ही कला अमेरिकेतूनच आली असं कुणी समजू नये. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आपल्याला गर्भपात रोखणाऱ्या ‘शिरोडकर टाक्या’मुळे माहीत आहेत, तो १९५५ चा. पण अंग बाहेर आलेल्या तरुण बाईचं गर्भाशय न काढता ते मागे हाडाला अडकवून वर धरायची शस्त्रक्रियाही त्यांची. मुंबईच्या डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पोटाच्या पुढच्या पडद्याच्या पट्ट्यांनी गर्भाशयाचं तोंड वर बांधायची पद्धत काढली. मूल व्हायच्या आधीच अंग उतरलेल्या मुली त्यांच्यापुढे येत. गर्भाशय काढून टाकायचं, तर त्या मुलीचा संसार मोडायचा. म्हणून त्यांनी बांधायचं शोधून काढलं. दोघांची नावं अजून ऑपरेशनच्या टेबलावर घेतली जातात.

कासारघाट
मूळ प्रश्न राहिला. मी म्हणतो ‘उमेदवारी’. सुताराकडे, सोनाराकडे, वकिलाकडे आपल्याकडे उमेदवारीच करायचे. काम येत असतं, पण हात बसेपर्यंत उस्तादाजवळ राहायचं. फेलोशिप म्हणजे तेच ना?

अण्णा_वाई
‘तीन वर्षं उमेदवारी केली’ म्हटलं तर आज लोक निवडणूकच समजतील. शिवाय शिकाऊ वाटतं.

डॉ_सुमेधा
‘हात बसणं’ हा शब्द मात्र नेमका आहे, आणि तो वाचून मला थांबावं लागलं. या शाखेचा हात कुणावर बसला, हेही त्यात येतं. अमेरिकेत मॅरियन सिम्स या डॉक्टरने अलाबामात, माँटगोमेरीला, १८४५ ते १८४९ या काळात मूत्राशय आणि योनी यांच्यात पडलेलं भोक शिवायचं तंत्र बसवलं. ज्यांच्यावर बसवलं त्या गुलाम बायका होत्या. अनार्का, बेट्सी, लूसी ही त्यांची नावं. भूल दिली जात नव्हती. एकट्या अनार्कावर तीसेक शस्त्रक्रिया झाल्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्सचा पुतळा २०१८ मध्ये हलवला. त्याच्या नावाचं अवजार आम्ही आजही रोज हातात घेतो. म्हणून ‘तीन वर्षं फेलोशिप केली’ याचा अर्थ मला असा वाटतो: माझा हात देखरेखीखाली बसलाय, कुणाला न विचारता बसलेला नाही. रुग्णाला हे कळायला हवं. ‘वृत्ती’त ते येत नाही.

शमा_एडिसन
सगळ्यांचे आभार. मी काल रात्री हा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. डॉक्टरांच्या आत्याच्या गोष्टीपाशी त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, “मलाही दोन वर्षं आहे.” दोन वर्षं! त्या आमच्याकडे पाच महिने आहेत. मी त्यांना त्यांचाच आजार तपासायला दिला होता, आणि त्यांनी ‘अंग’ लिहिलं तेव्हा मी ते बरं दिसत नाही म्हणाले होते.

पत्रक सोमवारी द्यायचंय. सध्या असं लिहिलंय: ‘अंग बाहेर येणे, म्हणजे गर्भाशय, लघवीची पिशवी किंवा शौचाची पिशवी खाली उतरणे. लघवी निसटणे. या दोन्ही दुखण्यांवर उपचार करण्याचं तीन वर्षांचं जादा प्रशिक्षण तुमच्या सर्जनने मोठ्या सर्जनच्या देखरेखीखाली घेतलं आहे.’ ‘फेलोशिप’ शब्द काढूनच टाकला. चालेल?

अण्णा_वाई
‘जादा’ नको, ‘विशेष’ करा. जादा म्हटलं की गाडी आठवते. आणि पदवीचं नाव गाळणं मला बरोबर वाटत नाही. कंसात तरी अधिछात्रवृत्ती ठेवा.

रेघोटी
शमाताई, ‘जादा’च राहू द्या, तो सासूबाईंना कळेल. त्यांची वेळ घेतलीत का?

शमा_एडिसन
घेतली. गुरुवारची.

कासारघाट
कमलताई, तुम्ही कुठल्या भागात होतात? ‘मायांग’ घाटावर जागेला आणि तुमच्याकडे दुखण्याला म्हणत असतील, तर मधे कुठेतरी अर्थ बदलला असणार. कोकणात किंवा गोव्यात कुणी ऐकलाय का हा शब्द?